६.४ जीबीची फाइल आणि २ जीबीची हीप : दूध संकलनाच्या जुन्या नोंदी कॅमलमधून नेताना ठेवलेल्या प्रकल्प नोंदी

२१ ऑगस्ट २०२३, सोमवार

एका दूध संघाची जुनी संगणक प्रणाली ३० सप्टेंबरला बंद होणार आहे आणि तिच्यातील चार वर्षांच्या संकलन नोंदी नव्या प्रणालीच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये आणण्याचे काम आमच्याकडे आले आहे. दिवाळीपूर्वी उत्पादकांना द्यायचा दूध फरक याच नोंदींवरून काढला जातो, त्यामुळे एखादी पाळी गळाली तर ती थेट कोणाच्या तरी पैशांतून कमी होते. संघाकडे साधारण चौदा हजार उत्पादक आहेत, दिवसाला सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन पाळ्या असतात, आणि चार वर्षांचा हिशेब केल्यास सुमारे ४.१ कोटी ओळी होतात. जुनी प्रणाली हे सारे एकाच सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या) फाइलमध्ये उतरवून देते. फाइल ६.४ जीबीची आहे. वर्षवार तुकडे करून देण्याची विनंती केली होती, परंतु ती प्रणाली लिहिणारे गृहस्थ निवृत्त झाले असून तिच्यात हात घालण्यास आता कोणी तयार नाही.

आमचा सर्व्हर ८ जीबी मेमरीचा असून त्यावर जावा १७, अपाचे कॅमल ३.२० (एका प्रणालीतील माहिती पायऱ्यापायऱ्यांनी दुसऱ्या प्रणालीत नेणारे जावातील साधन) आणि पोस्टग्रेस एकत्र नांदतात. कॅमलच्या जेव्हीएमला, म्हणजे तो ज्यात चालतो त्या जावाच्या आभासी यंत्राला, कमाल २ जीबी हीप, म्हणजे चालू कामातील माहिती ठेवण्याची मेमरी, दिलेली आहे. रोजची संकलन फाइल नेणारा एक मार्ग (कॅमलमधील पायऱ्यांची साखळी) वर्षभर बिनतक्रार चालू होता, म्हणून त्याचीच नक्कल करून फाइलचे नाव बदलावे आणि दोन दिवसांत मोकळे व्हावे, असा माझा अंदाज होता. रोजच्या फाइलमध्ये अठ्ठावीस हजार ओळी असतात आणि ती साडेचार एमबीचीही नसते, ही गोष्ट मी विचारात घेतली नाही.

दुपारी चार वाजता मोठी फाइल टाकली. मार्गातील पहिली पायरी फाइलचा सारा मजकूर स्ट्रिंगमध्ये, म्हणजे मेमरीतील एका सलग मजकुरात, बदलण्याची होती, म्हणजे कॅमलची कन्व्हर्टबॉडीटू. एक मिनिटाच्या आत आउटऑफमेमरीएरर, म्हणजे मेमरी संपल्याची त्रुटी, आला.

२२ ऑगस्ट

सकाळी मी तेच केले जे बहुतेक जण सर्वप्रथम करतात, म्हणजे हीप २ वरून ६ जीबी केली. या वेळी जावाची एकही त्रुटी लॉगमध्ये आली नाही, प्रक्रिया नुसतीच नाहीशी झाली. कोणी तरी ती हाताने बंद केली असावी असे समजून मी तासभर सहकाऱ्यांना विचारत फिरलो. शेवटी कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदी पाहिल्यावर उलगडा झाला : पोस्टग्रेस आणि ६ जीबीची हीप मिळून यंत्राची मेमरी संपली होती आणि लिनक्सच्या ओओएम किलरने सर्वांत जाड प्रक्रिया मारली होती. अशा वेळी जावाला बोलण्याची संधीच मिळत नाही. लॉग अर्ध्या वाक्यावर थांबलेला दिसला तर प्रथम कर्नलच्या नोंदी पाहाव्यात.

त्यानंतर तीन दिवसांसाठी ३२ जीबी मेमरीचे यंत्र भाड्याने घेतले. भाडे सतराशे रुपयांच्या आसपास गेले आणि ते पूर्णपणे वाया गेले, कारण २४ जीबीची हीप देऊन आणि ती बऱ्यापैकी रिकामी असतानाही आउटऑफमेमरीएरर आलाच. या वेळी तक्रार हीपबद्दल नव्हती. मागितलेली अ‍ॅरे शक्य त्या कमाल लांबीपेक्षा मोठी आहे, अशा अर्थाचा तो संदेश होता. अ‍ॅरे म्हणजे मेमरीतील सलग घरांची रांग, आणि स्ट्रिंगही आतून अशाच रांगेत ठेवलेली असते. जावामध्ये अ‍ॅरेचा निर्देशांक ३२ बिटांचा असतो, म्हणून तिची लांबी २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जाऊ शकत नाही. जावा ९ पासून निव्वळ लॅटिन मजकुराची स्ट्रिंग एका अक्षराला एक बाइट घेते, परंतु त्या मजकुरात एक जरी देवनागरी अक्षर आले तरी संपूर्ण स्ट्रिंग दोन बाइटांच्या मांडणीत जाते. आमच्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीत उत्पादकाचे नाव मराठीत आहे. म्हणजे एका स्ट्रिंगमध्ये फार तर शंभर-एकशे सात कोटी अक्षरे मावतील, आणि आमच्या फाइलमध्ये त्याच्या चौपटीहून अधिक आहेत. जगातील कोणतेही यंत्र भाड्याने आणले असते तरी हा मार्ग चालला नसता. हा हिशेब कागदावर दहा मिनिटांत झाला असता.

२३ ऑगस्ट

रात्री २ जीबीच्या मूळ मांडणीवर परत आलो, परंतु मोठी फाइल येणाऱ्या फोल्डरमधून बाजूला काढायला विसरलो. जेव्हीएमला मेमरी संपताच हीप डम्प (हीपमध्ये जे होते त्याची तपासणीसाठीची फाइल) लिहून बाहेर पडण्याची सूचना होती आणि सेवा पडली की ती आपोआप पुन्हा सुरू करण्याची सूचना लिनक्सवरील सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीला होती. दोन्ही सूचना स्वतंत्रपणे शहाणपणाच्याच आहेत. एकत्र आल्यावर त्यांनी रात्रभर फाइल उचलणे, मेमरी संपवणे, दोन जीबीचा डम्प लिहिणे आणि पुन्हा उठणे हा खेळ केला. डम्पच्या नावात प्रक्रियेचा क्रमांक असल्यामुळे प्रत्येक वेळी नवी फाइल तयार होत गेली आणि पहाटेपर्यंत डिस्कवरील मोकळी २१ जीबी जागा भरली. त्याच डिस्कवर रोजची संकलन फाइलही उतरते. ती सकाळी उतरू शकली नाही आणि संघाच्या संगणक विभागाचा फोन माझ्या गजराच्या आधी आला.

डम्प आता वेगळ्या विभाजनावर जातात आणि सेवा तासाभरात तीनदा पडली तर पुन्हा उठवली जात नाही. यातील एक डम्प एक्लिप्सच्या मेमरी अ‍ॅनालायझरमध्ये उघडायला गेलो, तर त्या साधनाचीच मेमरी संपली. त्याच्या ईनी फाइलमध्ये स्वतंत्र कमाल मर्यादा असते, ती आधी वाढवून घ्यावी लागते.

२५ ऑगस्ट, शुक्रवार

स्ट्रिंगमध्ये बदलण्याची पायरी काढून टाकली आणि त्या जागी ओळीनुसार तुकडे करणारी स्प्लिटची पायरी घातली. पुन्हा मेमरी संपली. कारण स्प्लिटला स्ट्रीमिंगची, म्हणजे एकेक तुकडा तयार होताच पुढे पाठवण्याची, सूचना दिली नव्हती आणि ती नसेल तर कॅमल आधी सर्व तुकड्यांची यादी बनवतो, मग एकेक पुढे पाठवतो. चार कोटी तुकड्यांची यादी म्हणजे फाइलपेक्षाही मोठी वस्तू होते, कारण प्रत्येक तुकड्याभोवती संदेशाचे वेष्टन असते.

स्ट्रीमिंग सुरू केले. तरीही मेमरी संपली, आणि या वेळी एकही ओळ डेटाबेसमध्ये पोहोचली नव्हती. दोन तास मी स्प्लिटच्या मांडणीतच दोष शोधत बसलो, परंतु दोष त्याच्या वरच्या ओळीत होता. मूळ मार्ग लिहिताना कोणीतरी फाइल मिळाल्याची नोंद करण्यासाठी लॉगमध्ये संदेशाचा संपूर्ण मजकूर छापण्याची सूचना घातली होती. कॅमलमध्ये फाइलचा संदेश मुळात फक्त फाइलकडे बोट दाखवतो, म्हणून तो हलका असतो. त्याचा मजकूर छापायला सांगितले की कॅमल निमूटपणे संपूर्ण फाइल वाचून तिची स्ट्रिंग बनवतो. त्या ओळीत आता फाइलचे नाव आणि आकार एवढेच छापले जाते.

संध्याकाळी साडेसहाला प्रथमच फाइल पुढे सरकली. हीपचा आलेख ३०० एमबीच्या आत करवतीच्या दात्यांसारखा वरखाली होत होता.

२८ ऑगस्ट, सोमवार

शनिवार-रविवारी चालवून पाहिलेल्या पहिल्या दहा लाख ओळींत १,३१२ ओळी तुटलेल्या निघाल्या. फाइलमध्ये शेरा नावाचा एक रकाना आहे. काही संकलन केंद्रांवरील सचिव त्यात दूध नासल्याची किंवा यंत्र बंद असल्याची नोंद लिहिताना एंटर दाबतात. सीएसव्हीच्या नियमाप्रमाणे अवतरण चिन्हांच्या आत नवी ओळ चालते, परंतु ओळीनुसार तुकडे करणाऱ्या स्प्लिटला अवतरण चिन्हे कळत नाहीत. मेमरी वाचवण्याच्या नादात मी फाइलची रचना समजणारा वाचकच मधून काढून टाकला होता.

कॅमलच्या सीएसव्ही डेटाफॉरमॅटमध्ये, म्हणजे सीएसव्हीची रचना समजणाऱ्या भागात, लेझीलोड नावाचा पर्याय आहे. तो नसेल तर संपूर्ण फाइलची यादी बनते, तो असेल तर हाती फक्त एक इटरेटर येतो आणि मागितली तशी एकेक नोंद वाचली जाते. हा इटरेटर स्ट्रीमिंग स्प्लिटला दिला. शेऱ्यातील नव्या ओळी आता जागच्या जागी राहतात आणि हीपचा आलेख जवळपास तसाच आहे.

दोन लहान अडथळे आले, दोघांनी मिळून अर्धा दिवस खाल्ला. पहिला असा की प्रत्येक नोंदीतील उत्पादक क्रमांक रिकामा येत होता. फाइल विंडोजवर तयार झाल्यामुळे तिच्या आरंभी संकेतपद्धती सांगणारी तीन बाइटांची बीओएम खूण होती आणि ती पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटून बसली होती. दुसरा असा की माझ्या टर्मिनलवर नीट दिसणारी मराठी नावे सेवा म्हणून चालवल्यावर प्रश्नचिन्हे होत होती. सिस्टमडीच्या सेवेला भाषेची मांडणी दिलेली नव्हती आणि जावा १७ अशा वेळी यंत्राची मूळ संकेतपद्धती घेते. यूटीएफ-८ हे सर्वत्र गृहीत धरणे जावा १८ पासून सुरू झाले. आता फाइल वाचणाऱ्या पायरीवरच यूटीएफ-८ लिहून टाकले आहे.

३१ ऑगस्ट

अठरा लाख ओळींच्या आसपास पुन्हा आउटऑफमेमरीएरर. या वेळी हीप झटक्यात भरली नाही, अर्ध्या तासात हळूहळू चढत गेली, आणि अशी चढण दिसली की कोणीतरी काहीतरी सोडत नाही एवढे नक्की समजावे. मेमरी अ‍ॅनालायझरमध्ये एका अ‍ॅरेलिस्टने हीपचा जवळजवळ सर्व भाग व्यापलेला दिसला.

ती यादी माझीच होती. शेवटी किती नोंदी गेल्या आणि किती नाकारल्या हे कळावे म्हणून मी स्प्लिटला सर्व तुकडे एकत्र करणारी अ‍ॅग्रिगेशनची तयार पद्धत जोडली होती. प्रत्येक तुकडा काम झाल्यावर कचऱ्यात जाण्याऐवजी त्या यादीत जाऊन बसत होता. अकरा रकान्यांची एक नोंद मॅपच्या (रकान्याचे नाव आणि त्यातील मजकूर अशा जोड्यांच्या) रूपात एक केबीहून थोडी अधिक जागा घेते, त्यामुळे दोन जीबीत अठरा लाख हा आकडा अगदी हिशेबात बसतो. रोजच्या अठ्ठावीस हजार ओळींना हीच चूक तीस एमबीत पडते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता अ‍ॅग्रिगेशनमध्ये केवळ दोन आकडे वाढवले जातात. नाकारलेल्या नोंदी त्याच क्षणी वेगळ्या फाइलच्या शेवटी जोडल्या जातात.

यापुढे मार्गातील प्रत्येक पायरीसमोर मी एकच प्रश्न लिहून ठेवला आहे : ही पायरी संपूर्ण फाइल धरून ठेवते का? शेजारच्या गटातील सहकारी एक्सएमएलच्या मोठ्या फाइलसाठी हेच विचारायला आल्या होत्या. त्यांच्याकडे स्प्लिटला स्ट्रीमिंग लावलेले होते, परंतु तुकडे एक्सपाथने, म्हणजे एक्सएमएलमधील घटक शोधण्याच्या भाषेने, होत होते आणि एक्सपाथला आधी संपूर्ण डॉम झाड, म्हणजे सारी फाइल मेमरीत मांडलेली रचना, लागते. त्यांनी फाइल वाचता वाचता तुकडे करणारे एक्सटोकनाइझ वापरल्यावर त्यांचे काम तासाभरात सुटले. माझे मात्र अजून चालू आहे.

४ सप्टेंबर

मेमरी आता स्थिर आहे, परंतु वेग सेकंदाला ९०० ओळींचा आहे. या गतीने ४.१ कोटी ओळींना साडेबारा तासांहून अधिक वेळ लागेल आणि रात्रीची आमची खिडकी, म्हणजे कामासाठी मिळणारा वेळ, सहा तासांची आहे. एकेक ओळ स्वतंत्रपणे डेटाबेसला पाठवली जात असल्यामुळे बहुतेक वेळ जाण्यायेण्यातच जातो.

कॅमलच्या सिंपल नावाच्या छोट्या भाषेत कोलेट नावाचे कार्य आहे. ते इटरेटरमधून ठरावीक संख्येच्या नोंदी उचलून त्यांची छोटी यादी देते. हजार-हजारांचे गठ्ठे केले, प्रत्येक गठ्ठा एका जेडीबीसी (जावाने डेटाबेसशी बोलण्याची पद्धत) बॅचमध्ये लिहिला आणि पोस्टग्रेसच्या ड्रायव्हरला बॅचमधील इन्सर्ट, म्हणजे नोंद घालण्याच्या आज्ञा, एकत्र जोडून पाठवण्याची सूचना दिली. वेग सेकंदाला नऊ हजारांवर गेला, म्हणजे सव्वा तासाचे काम झाले. दहा हजारांचा गठ्ठा करून पाहिला, वेगात फरक जवळपास नव्हता आणि मेमरी मात्र दहापट लागली, म्हणून हजारावरच थांबलो.

६ सप्टेंबर

येथे थांबायला हवे होते. मी थांबलो नाही.

वाचन आणि लेखन वेगळ्या धाग्यांवर, म्हणजे एकाच वेळी समांतर, केले तर वेळ आणखी निम्मा होईल, असे वाटून मध्ये सेडा ही कॅमलची मेमरीतील रांग घातली. कॅमल ३ मध्ये या रांगेची लांबी न सांगितल्यास एक हजार असते. एक हजार ही संख्या लहान वाटते, परंतु माझ्या रांगेतील प्रत्येक घटक हजार नोंदींचा गठ्ठा होता. म्हणजे दहा लाख नोंदी, अर्थात एक जीबीहून अधिक जागा, नुसत्या रांगेत उभ्या राहण्यासाठी. वाचन लेखनापेक्षा पुष्कळ वेगवान असल्याने रांग दोन मिनिटांत भरली, हीप धापा टाकू लागली आणि त्यानंतर रांग भरल्याच्या त्रुटी येऊन गठ्ठे गळू लागले, कारण भरलेल्या रांगेपुढे थांबून राहणे हे सेडाचे मूळ वर्तन नाही. ते वेगळे सांगावे लागते.

लांबी आठ केली, भरल्यावर थांबण्याची सूचना दिली आणि रांगेतून गठ्ठे उचलणारे चार ग्राहक धागे ठेवले. ४१ मिनिटांत फाइल संपली. आनंदाने मी सेवा पुन्हा सुरू केली आणि मग लक्षात आले की रांगेत अजून काही गठ्ठे होते. शेवटचा गठ्ठा रांगेत टाकताच स्प्लिटच्या दृष्टीने काम संपते, कॅमल फाइल पूर्ण झालेल्यांच्या फोल्डरमध्ये हलवतो, आणि रांग तर केवळ मेमरीत असते. फाइल यशस्वी, नोंदी गहाळ, लॉग स्वच्छ. पैशांच्या कामात याहून वाईट अवस्था मला माहीत नाही.

सेडा काढून टाकली. एका धाग्यावर सव्वा तास लागतो आणि खिडकी सहा तासांची आहे, तेव्हा पस्तीस मिनिटांची बचत मला नको आहे. हा दिवस वाया गेला असे धरले तरी चालेल.

८ सप्टेंबर

संघाने सुधारित फाइल एसएफटीपीने (इंटरनेटवरून सुरक्षितपणे फाइल पाठवण्याच्या पद्धतीने) चढवायला घेतली. चढायला सुमारे पन्नास मिनिटे लागतात. कॅमलने ती मध्येच उचलली आणि १.२ कोटी ओळींवर फाइल संपल्याचे सांगितले. आकार बदलणे थांबले की फाइल पूर्ण झाली असे मानणारा चेंज्ड हा रीडलॉक (फाइल उचलण्यापूर्वीची तपासणी) लावलेला होता, परंतु तो मूळ मांडणीत एका सेकंदाच्या अंतराने तपासतो आणि ग्रामीण भागातील इंटरनेट जोडणी सेकंदाहून अधिक काळ सहज अडखळते. अंतर वाढवणे हा केवळ अंदाजाचा खेळ ठरला असता. त्याऐवजी संघाने मुख्य फाइल पूर्ण चढल्यावर त्याच नावाची, डन प्रत्यय असलेली रिकामी फाइल चढवायची आणि तिच्याशिवाय कॅमलने हात लावायचा नाही, असे ठरले. त्यांच्या स्क्रिप्टमध्ये केवळ एक ओळ वाढली.

१२ सप्टेंबर

मध्येच काही पडले तर फाइल पहिल्यापासून चालवता यावी, यासाठी प्रत्येक गठ्ठा स्वतंत्र व्यवहारात (एकतर पूर्ण होणाऱ्या किंवा पूर्णपणे मागे घेतल्या जाणाऱ्या लेखनात) लिहिला जातो आणि आधीच असलेली नोंद पोस्टग्रेसची ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग ही सूचना मुकाट्याने सोडून देते. संपूर्ण फाइलसाठी एकच व्यवहार ठेवण्याचा विचार मी सोडला, कारण शेवटच्या ओळीला अडखळल्यास सव्वा तासाचे सारे काम मागे जाईल.

तालीम घेतली. ओळींचा हिशेब जुळेना. एकाही नोंदीवर नाकारल्याचा शिक्का नव्हता, तरी डेटाबेसमध्ये नोंदी कमी होत्या आणि लिटरची बेरीज संघाच्या आकड्याहून लक्षणीय कमी येत होती. एकमेवतेसाठी, म्हणजे नोंद आधीच आहे का हे ओळखण्यासाठी, मी उत्पादक, दिनांक आणि पाळी हे तीन रकाने घेतले होते. संघाच्या लेखापालांना फोन केल्यावर ते हसले. "अहो साहेब, ज्याच्याकडे गाय आणि म्हैस दोन्ही आहेत, तो एका पाळीला दोन वेळा माप देतो." दुसरे माप मी पुनरावृत्ती समजून टाकून देत होतो. जनावराचा प्रकार हा चौथा रकाना जोडला आणि आकडे जुळले. मुकाट्याने सोडलेल्या नोंदींचीही आता स्वतंत्र मोजणी होते. पहिल्या फेरीत ती शून्यच असली पाहिजे.

१५ सप्टेंबर

काल पोळा असल्यामुळे संघाचे कार्यालय बंद होते, म्हणून शांतपणे पूर्ण तालीम घेता आली. ७८ मिनिटे लागली, हीप ३४० एमबीच्या वर गेली नाही. मग मुद्दाम मध्यावर प्रक्रिया मारली आणि पुन्हा सुरू केली. आधी गेलेल्या अर्ध्या ओळी पुनरावृत्ती म्हणून मोजल्या गेल्या, उरलेल्या लिहिल्या गेल्या आणि बेरीज तीच आली. त्यानंतर हीप ५१२ एमबी करून चालवले. तेही पार पडले, वेळ चार मिनिटांनी वाढला.

१८ सप्टेंबर, सोमवार

उद्या गणपती बसणार असल्याने प्रत्यक्ष काम रविवारी रात्रीच उरकून घेतले. रात्री ११ वाजता सुरू केले, १२ वाजून २१ मिनिटांनी संपले. नाकारलेल्या नोंदी ३८, त्या सर्वांत फॅटच्या रकान्यात आकड्याऐवजी मजकूर होता. ती यादी सकाळी लेखापालांकडे पाठवली आणि दुपारपर्यंत त्यांनी हस्तलिखित रजिस्टर पाहून ती दुरुस्त करून दिली.

एकूण चार आठवडे गेले, अंदाज दोन दिवसांचा होता. रोजच्या फाइलच्या मार्गातील स्ट्रिंगमध्ये बदलण्याची पायरी, मजकूर छापणारी लॉगची ओळ आणि सर्व तुकडे गोळा करणारी अ‍ॅग्रिगेशन आज दुपारी काढून टाकली. भाड्याच्या यंत्राचे बिल अजून मंजूर व्हायचे आहे.